विमानतळावर वाट दाखवणारे एआर फीचर: पहिल्यांदाच डिझाइन करणाऱ्यांसाठी

मुंबईच्या टर्मिनल २ मध्ये शिरलेला प्रवासी सगळ्या वाटेवर गोंधळत नाही. तो चार-पाच ठिकाणी थबकतो: दारातून आत आल्यावर, बॅगा दिल्यावर, सुरक्षा तपासणीतून बाहेर पडून सामान आवरताना, आणि ऐन वेळी गेट बदलल्याचे कळल्यावर. एरवी तो नुसता चालत असतो, आणि चालणाऱ्या माणसाला फोन डोळ्यांसमोर धरायला लावण्याचे काहीच कारण नाही. फोन उचलला की कॅमेऱ्यातल्या दृश्यावर बाण दाखवणारे, म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटीवर (एआर) चालणारे दिशादर्शन डिझाइन करायचे असेल, तर सुरुवात या थबकण्यापासून करावी. तंत्रज्ञानापासून सुरुवात केली की दिसायला सुंदर आणि वापरायला दमवणारी गोष्ट तयार होते.

हा लेख अशांसाठी आहे ज्यांनी एखादे ॲप डिझाइन केले आहे, पण एआरला हात लावलेला नाही. उदाहरण मुख्यतः मुंबईच्या टर्मिनल २ चे घेतो, कारण एकाच इमारतीत देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणे, मजल्यांची अदलाबदल, प्रचंड गर्दी आणि पहिल्यांदा विमानात बसणारी माणसे, असे सगळे तिथे एकत्र भेटते.

पायरी १: पाय कुठे थांबतात ते शोधा

कागदावर प्रवाशाचा मार्ग काढा आणि जिथे त्याला दोन किंवा अधिक वाटा दिसतात तिथे खूण करा. टर्मिनल २ मध्ये गाडी चौथ्या मजल्यावर सोडते. दारावर सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतो, किंवा डिजियात्रा असेल तर चेहरा ओळखला जातो. आत आल्या आल्या चेक-इन काउंटरच्या लांबच लांब रांगा समोर येतात. आपली विमान कंपनी डावीकडे की उजवीकडे? पहिली खूण इथे. बॅगा दिल्यावर आंतरराष्ट्रीय प्रवाशाला इमिग्रेशनकडे जायचे असते आणि देशांतर्गत प्रवाशाला वेगळीकडे. ही दुसरी. तपासणी झाली की दुकानांमधून वाट काढत गेट शोधायचे. ही तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यांत अवघड, कारण दुकानांचे दिवे गेटच्या पाट्यांपेक्षा जास्त ठळक असतात. येताना दुसऱ्या मजल्यावर सामानाचा पट्टा, मग बाहेर पडायचे दार, आणि बाहेर पडल्यावर टॅक्सी, ॲपवरची गाडी की भुयारी मेट्रो हा प्रश्न.

खुणा केल्यावर त्या खऱ्या आहेत का ते तपासा. विमानतळावर नुसते निरीक्षण करायला आत जाता येत नाही. म्हणून रोज आत असणाऱ्या माणसांना गाठा: व्हीलचेअर ढकलणारे मदतनीस, विमान कंपनीचे जमिनीवरचे कर्मचारी, माहिती कक्षात बसणारे, सफाई कामगार. त्यांना एकच प्रश्न विचारा: लोक तुम्हाला थांबवून काय विचारतात, आणि नेमके कुठे उभे राहून विचारतात? सफाई कामगारांना विसरू नका. गणवेशातला, जवळ असलेला आणि घाईत नसलेला माणूस म्हणून प्रवासी सर्वांत आधी त्यांनाच विचारतात.

आणखी एक गोष्ट नोंदवा. मुंबई हा ‘सायलेंट’ विमानतळ आहे, म्हणजे प्रत्येक उड्डाणाची घोषणा ध्वनिक्षेपकावरून होत नाही. एसटी आणि रेल्वेने आयुष्यभर प्रवास केलेला माणूस घोषणेची वाट पाहत निवांत बसून राहतो. तुमच्या फीचरने घोषणेचे काम करायचे आहे हे सुरुवातीलाच ठरले, तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

मग वापरकर्ता ठरवा. मी नेहमी एकच व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवतो: सांगली किंवा जळगावकडची साठी ओलांडलेली बाई, लेकीच्या बाळंतपणासाठी एकटी परदेशी निघालेली. तिच्याकडे मुलाने दिलेला स्वस्त अँड्रॉइड फोन आहे, गळ्यात पासपोर्टची पिशवी, एका हातात हँडबॅग. तिला जमले तर कंपनीच्या कामासाठी आठवड्याला विमानाने फिरणाऱ्याला जमेलच. उलटे होत नाही.

पायरी २: बाणाआधी नकाशा

नवशिके डिझाइनर पहिल्याच दिवशी त्रिमितीय बाण काढायला घेतात. तो शेवटी काढा. आधी टर्मिनलचे जाळे तयार करा: प्रत्येक निर्णयाची जागा हा एक बिंदू आणि दोन बिंदूंमधली वाट ही एक रेघ. सरकता जिना, लिफ्ट, साधा जिना या वेगवेगळ्या रेघा. इमारतींच्या आतल्या नकाशांसाठी ॲपलने तयार केलेला आयएमडीएफ हा साचा २०२१ पासून ओजीसी या आंतरराष्ट्रीय संस्थेचे सामुदायिक मानक आहे. विमानतळाकडे आराखडे या साच्यात असतील तर मागून घ्या. नसतील तर वास्तुरचनेच्या रेखाटनांवरून तुम्हालाच जाळे काढावे लागेल. काम कंटाळवाणे आहे, पण फीचर विश्वासाचे होणार की नाही हे इथेच ठरते.

रस्त्यांच्या नकाशापेक्षा विमानतळाचे जाळे वेगळे असते, कारण इथल्या बऱ्याच रेघा एकाच दिशेच्या असतात. सुरक्षा तपासणी ओलांडली की मागे फिरता येत नाही. इमिग्रेशनचा शिक्का बसल्यावर तर नाहीच. येणाऱ्या प्रवाशाने बाहेरचे दार ओलांडले की पट्ट्यावर विसरलेली बॅग आणायला आत जाता येत नाही. म्हणून प्रत्येक रेघेला दिशा लावा, आणि परत फिरता न येणाऱ्या रेघेच्या अलीकडे एक थांबा ठेवा: ‘इथून पुढे गेल्यावर परत येता येणार नाही. बॅगा दिल्या का?’ पुढचे सगळे बाण बरोबर असूनही हा एक प्रश्न विसरला, तर प्रवाशाचे खरे नुकसान होते.

रेघांना अटीही लागतात. ही वाट फक्त आंतरराष्ट्रीय प्रवाशाला, ही फक्त बोर्डिंग पास हातात असलेल्याला, हे दार ठरावीक वेळेतच उघडे. टर्मिनल १ आणि २ एकाच विमानतळाचे असले तरी त्यांच्यामधली वाट बाहेरच्या रस्त्याने जाते. जाळ्यात ती गाडीची वाट म्हणूनच नोंदवा आणि तिला वाहतुकीचा वेळ द्या. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून तर ‘मुंबई’ एवढे वाचून चुकीच्या विमानतळावर पोहोचण्याची शक्यताही आहे. म्हणून पहिली तपासणी प्रवासी घरी असतानाच, तिकीट वाचून करा.

वेळेचा हिशेब मीटरवर सोडू नका. तरुण माणूस सेकंदाला साधारण १.३ मीटर चालतो. गुडघे दुखणारी आणि सामान ओढणारी व्यक्ती ०.८ मीटर धरा. ६०० मीटरच्या वाटेला पहिल्याला आठ मिनिटांपेक्षा कमी लागतील, दुसरीला साडेबारा. देशांतर्गत उड्डाणाचे गेट साधारण २५ मिनिटे आधी बंद होते हे धरले, तर ही पाच मिनिटे निर्णायक ठरू शकतात. ॲपने पहिल्या दोनशे मीटरमध्ये व्यक्तीचा खरा वेग मोजावा आणि पुढचा अंदाज त्यावरून सांगावा.

पायरी ३: माणूस कुठे उभा आहे हे ओळखणे

छताखाली जीपीएसचा भरवसा नाही. पर्याय अनेक आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

लंडनच्या गॅटविक विमानतळाने २०१७ मध्ये दोन टर्मिनलांमध्ये सुमारे २,००० ब्लूटूथ बीकन बसवले. हे छोटे, बॅटरीवर चालणारे प्रक्षेपक असतात. फोन त्यांचा संकेत ऐकून आपली जागा काढतो. तिथे अचूकता सुमारे तीन मीटरची मिळाली आणि त्यावर एआर दिशादर्शन उभे राहिले. बीकनचा फायदा असा की स्वस्त फोनवरही चालतो. तोटा असा की दोन हजार बॅटऱ्या कोणीतरी सांभाळायच्या असतात.

वाय-फायवरून जागा काढणे मोहक वाटते, कारण यंत्रे आधीच भिंतीवर असतात. पण आयफोन बाहेरच्या ॲपला आसपासच्या वाय-फायची ताकद मोजू देत नाही, त्यामुळे निम्मे काम तिथेच अडते. अँड्रॉइड ९ पासून वाय-फाय आरटीटी ही पद्धत आली. ती एक-दोन मीटरपर्यंत अचूक असते, पण फोन आणि वाय-फायचे यंत्र दोघांनाही ती येत असली पाहिजे.

तिसरी पद्धत कॅमेऱ्याची, म्हणजे व्हीपीएस. आधी टर्मिनलभर कॅमेरा घेऊन फिरायचे, हजारो छायाचित्रांमधल्या ठळक खुणांपासून त्रिमितीय नकाशा बनवायचा, आणि मग प्रवाशाच्या कॅमेऱ्यातले दृश्य त्या नकाशाशी जुळवायचे. गुगल मॅप्सने लाइव्ह व्ह्यू रस्त्यांसाठी २०१९ मध्ये आणले आणि २०२१ मध्ये इमारतींच्या आत नेले. झुरिक विमानतळ त्यातल्या सुरुवातीच्या ठिकाणांपैकी एक. या पद्धतीत जागा मीटरभराच्या आत सापडते, आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तोंड कुठल्या दिशेला आहे तेही कळते.

दिशा एवढी मोलाची का? बाण दाखवायचा तर माणूस कुठे आहे यापेक्षा तो कुठे पाहतो आहे हे जास्त लागते. दिशेत १० अंशांची चूक झाली तर २० मीटर पुढे बाण साडेतीन मीटर बाजूला सरकतो. म्हणजे शेजारच्या गेटकडे बोट दाखवल्यासारखे होते. फोनमधला होकायंत्राचा सेन्सर लोखंडी सांगाडा असलेल्या इमारतीत सहज वहावतो. त्यामुळे नुसत्या बीकन आणि होकायंत्रावर त्रिमितीय बाण टेकवू नये. तेवढीच साधने असतील तर वरून दिसणारा सपाट नकाशा आणि ठिपका दाखवा. प्रवाशाची फसवणूक तरी होणार नाही.

व्यवहारात मिश्रण वापरतात. थबकण्याच्या जागी कॅमेऱ्याने नेमकी जागा पक्की करायची. तिथून पुढे फोनचे गतिसेन्सर आणि कॅमेरा मिळून पावलांचा माग ठेवतात. गुगलचे एआरकोर आणि ॲपलचे एआरकिट ही तयार साधने हे काम करून देतात. हा माग हळूहळू भरकटतो, शंभर मीटरमागे साधारण एक-दोन मीटर, म्हणून पुढच्या थबकण्याच्या जागी पुन्हा पक्की करायची. बीकन मागे राहून एवढेच सांगतात की आपण योग्य भागात आणि योग्य मजल्यावर आहोत.

मजल्याचे वेगळे पाहा. लिफ्टमध्ये कॅमेऱ्याला सगळे स्थिर दिसते आणि तरी माणूस वर जात असतो. सरकत्या पट्ट्यावर उलटे होते: पाय स्थिर, भिंती मागे जाताहेत, आणि गतिसेन्सर व कॅमेरा एकमेकांशी भांडू लागतात. ज्या फोनमध्ये हवेचा दाब मोजण्याचा सेन्सर असतो तिथे मजला ओळखता येतो, कारण एक मीटर वर गेले की दाब साधारण ०.१२ हेक्टोपास्कलने घटतो. पाच मीटरच्या मजल्याला तो फरक स्पष्ट दिसतो. मात्र दिवसभराच्या हवामानानेही दाब बदलतो, त्यामुळे गेल्या अर्ध्या मिनिटातला बदलच पाहावा. लिफ्ट आणि सरकते पट्टे जाळ्यात वेगळे नोंदवलेले असतील, तर तिथे पोहोचताच माग थांबवून पलीकडच्या टोकाला पुन्हा जागा पक्की करता येते.

टर्मिनल २ चे छत आणि खांब मोरपिसाऱ्याच्या नक्षीचे आहेत, आणि ती नक्षी पुन्हा पुन्हा येते. डोळ्यांना ते देखणे वाटते, पण कॅमेऱ्याच्या नकाशाला अशी पुनरावृत्ती घातक. या खांबापाशी आहे की त्या, हे त्याला ठरवता येत नाही. उलट ‘जय हे’ या कलासंग्रहाच्या भिंती, जिथे एक तुकडा दुसऱ्यासारखा नाही, त्या उत्तम खुणा ठरतात. प्रवाशाला फोन छताकडे धरायला सांगण्याऐवजी अशा भिंतीकडे किंवा पाटीकडे वळवा. काचेच्या भिंतींसाठी नकाशाची छायाचित्रे दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा घ्या. मुंबईतून परदेशी जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि दिवसा बाहेरचे आकाश दाखवणारी काच रात्री आतल्या दिव्यांचा आरसा होते.

पायरी ४: पडद्यावर काय दिसावे

नियम एकच ठेवा: फोन उभा धरला की बाण, खाली केला की नकाशा. त्यासाठी बटण नको. फोनचा कल सेन्सरला कळतो. आणि बाण दिसल्यावर पाच-सहा सेकंदांत माणसाला सोडून द्या: ‘समजले? फोन खाली घ्या आणि चाला. पुढच्या वळणाला फोन थरथरेल.’ हात दुखत नाही, बॅटरी वाचते, आणि समोरून येणाऱ्या ट्रॉलीवर कोणी आदळत नाही. सरकत्या जिन्याच्या दहा पावले आधी कॅमेऱ्याचे दृश्य आपोआप बंद झाले पाहिजे. यावर तडजोड करू नये.

बाण जमिनीवर रंगवायचा मोह सगळ्यांना होतो, कारण प्रात्यक्षिकाच्या व्हिडिओत मोकळ्या फरशीवर तो छान दिसतो. विमानतळावर फरशी दिसतच नाही. तिथे माणसे, ट्रॉल्या आणि बॅगा असतात, आणि माणसांच्या पोटातून आरपार गेलेला बाण मेंदूला पटत नाही. डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर, तीन-चार मीटर पुढे, अधांतरी टांगलेला बाण जास्त चालतो. तिथे एरवीही पाट्याच लटकत असतात आणि नजर सवयीने वर जाते. एका वेळी एकच वळण दाखवा. पुढची चार वळणे ओळीने दाखवली की माणूस चौथे लक्षात ठेवतो आणि पहिले विसरतो.

रंग निवडताना विमानतळाच्या पाट्यांचा रंग टाळा, नाहीतर खरी पाटी कुठली आणि तुमची कुठली हे कळत नाही. बाणाला गडद कड आणि आत फिका रंग, असे दोन्ही ठेवले की चकचकीत फरशीवरही दिसतो आणि अंधाऱ्या कोपऱ्यातही. मजकूर मात्र पाटीवरचाच वापरा. पाटीवर ‘प्रस्थान’ असेल तर पडद्यावरही ‘प्रस्थान’च हवे.

देवनागरीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण इथे चांगले चांगले प्रकल्प अडखळतात. एआरसाठी बहुतेक जण युनिटी ही त्रिमितीय ॲप आणि गेम बनवण्याची प्रणाली वापरतात. तिच्यातले नेहमीचे मजकुराचे साधन, टेक्स्टमेश प्रो, लॅटिन अक्षरांसाठी उत्तम आहे, पण देवनागरीची जोडाक्षरे आणि मात्रा आपणहून नीट जुळवत नाही. ‘विमान’ची पहिली वेलांटी व च्या उजवीकडे जाऊन बसते, ‘प्रस्थान’मधले जोडाक्षर सुटून मध्ये हलन्त दिसतो. डिझाइनच्या चित्रात सगळे बरोबर असते, म्हणून ही चूक प्रत्यक्ष फोनवर पाहेपर्यंत लक्षात येत नाही. उपाय असा: मजकूर फोनच्या मूळ यंत्रणेकडून चित्र म्हणून तयार करून घ्या आणि ते चित्र त्रिमितीय पाटीवर चिकटवा. ओळींमध्ये अंतर जास्त ठेवा, कारण वरच्या रफारावर आणि खालच्या उकारावर कात्री चालते. अक्षरांना कड देताना ती शिरोरेघेत मिसळून अक्षरे भरून जात नाहीत ना, तेही पाहा. मराठी पर्याय देऊन तो असा तुटका दाखवणे हा वाचणाऱ्याचा अपमान आहे.

दुकानांच्या जाहिराती दृश्यात टांगा, अशी मागणी होणारच, कारण विमानतळाची मोठी कमाई दुकानांतून येते. माझे मत ठाम आहे: प्रवासी गेटवर पोहोचेपर्यंत दृश्यात वाटेशिवाय काही नको. गेटवर पोहोचून वेळ उरला असेल तर पाणी, स्वच्छतागृह, खाण्याची ठिकाणे जरूर दाखवा. घाबरलेल्या माणसाच्या नजरेत जाहिरात घुसवली की तो फीचर बंद करतो आणि पुन्हा उघडत नाही.

पायरी ५: खात्री नसेल तेव्हा

जागा ओळखण्याची यंत्रणा प्रत्येक वेळी आपला आत्मविश्वास आकड्यात सांगत असते. तो आकडा डिझाइनमध्ये उतरवा. खात्री असेल तर बाण. थोडी शंका असेल तर बाण काढून टाका आणि शब्द द्या: ‘तुम्ही चेक-इनच्या भागात आहात. इमिग्रेशनची पाटी शोधा.’ काहीच कळत नसेल तर स्पष्ट सांगा आणि दुसरा मार्ग द्या: ‘जवळच्या काउंटरचा किंवा गेटचा क्रमांक टाका.’ क्रमांक टाकला की जाळ्यातला बिंदू मिळतो आणि गाडी पुन्हा रुळावर येते. डोलणारा, डावी-उजवीकडे उड्या मारणारा बाण कधीही दाखवू नका. न दाखवलेल्या बाणाने माणूस जरा थांबतो, चुकीच्या बाणाने तो अर्धा किलोमीटर उलटा जातो.

नेटवर्क नसणे ही नेहमीची स्थिती धरा. विमानतळांवरच्या मोफत वाय-फायला बहुधा भारतीय मोबाइल क्रमांकावर ओटीपी लागतो. परदेशातून सुट्टीवर आलेल्या मराठी कुटुंबाकडे तो असेलच असे नाही. नकाशा, जाळे आणि सूचनांचा आवाज घरच्या इंटरनेटवर, आदल्या दिवशीच उतरवून ठेवण्याची सोय हवी.

आणि एक छोटी सोय, जिच्यावर माझा जीव आहे. आई आत गेल्यावर काचेबाहेर उभा असलेला मुलगा सतत फोन करत राहतो आणि ती भर रांगेत फोन उचलण्याच्या गडबडीत पडते. तिच्या परवानगीने ॲपने त्याला तीन-चार छोटे संदेश पाठवावेत: बॅगा दिल्या, इमिग्रेशन झाले, गेटवर पोहोचल्या. नेमकी जागा दाखवणारा हलता ठिपका नको, टप्पे पुरे.

पायरी ६: कॅमेरा आणि कायदा

सुरक्षा तपासणी आणि इमिग्रेशनच्या भागात कॅमेरा चालू ठेवून चालणे खपवून घेतले जात नाही, आणि ते योग्यच आहे. जाळ्यात हे भाग ‘कॅमेरा बंद’ म्हणून नोंदवा. तिथे शिरताच दृश्य आपोआप बंद होऊन साधा मजकूर यावा. जवानाने टोकल्यावर कॅमेरा बंद करायची वेळ प्रवाशावर येता कामा नये. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे आणि गोव्याचे दाबोळी नौदलाचे तळ आहेत. अशा ठिकाणी छायाचित्रणाचे नियम आणखी कडक असतात, त्यामुळे कॅमेऱ्यावर आधारलेला आराखडा तिथे जसाच्या तसा नेता येणार नाही. मोपासारख्या केवळ नागरी विमानतळावर वाव जास्त आहे. लेखी परवानगी मात्र सगळीकडेच लागते.

प्रवाशाच्या कॅमेऱ्यात इतरांचे चेहरे येतात. म्हणून चित्र फोनमध्येच ठेवा, त्यातल्या खुणांचे आकडे काढा आणि फक्त ते आकडे सर्व्हरकडे पाठवा. जुळणी झाली की तेही पुसा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती स्पष्ट आणि समजेल अशा भाषेत घ्यावी लागते. कॅमेऱ्याची परवानगी ॲप उघडताच मागू नका. पहिल्यांदा बाण हवा असेल त्या क्षणी मागा, तेव्हा कारण आपोआप कळते.

पायरी ७: डोळ्यांशिवाय आणि खुर्चीवरून

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या नॅव्हकॉग या ॲपने पिट्सबर्ग विमानतळावर बीकनच्या आधारे अंध प्रवाशांना आवाजी सूचनांवर गेटपर्यंत नेऊन दाखवले. चित्राशिवायही दिशादर्शन पूर्ण होऊ शकते याचा तो उत्तम दाखला आहे. तुमच्या प्रत्येक बाणाला जोडीचे एक वाक्य आणि एक थरथर असली पाहिजे: डावीकडे वळायचे तर दोन हलके ठोके, उजवीकडे तर एक लांब. हे जोडकाम शेवटी करायला ठेवले की होत नाही.

व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचा फोन उभ्या माणसाच्या फोनपेक्षा बराच खाली असतो आणि त्याच्या कॅमेऱ्यासमोर बहुतेक वेळा लोकांच्या पाठी असतात. नकाशाची छायाचित्रे त्या उंचीवरूनही घ्या.

पायरी ८: बनवा, पण विमानतळावर नाही

पहिला नमुना बिनकोडचा. मित्राला अनोळखी मॉलमध्ये किंवा मोठ्या रुग्णालयात न्या, एखादे ठिकाण शोधायला सांगा, आणि मागून चालत त्याच्या फोनवर बाणाची चित्रे हाताने पाठवत राहा. बाण किती आधी हवा आणि त्याला तो कुठे नकोसा होतो, हे एका दुपारीत कळते.

दुसरा नमुना क्यूआर कोडवर. परवानगी घेऊन कॉलेजच्या इमारतीत ठरावीक जागी कोड चिकटवा. कोड वाचला की जागा आणि दिशा पक्की होते, पुढचा माग युनिटीच्या एआर फाउंडेशन या तयार साधनसंचावर ठेवता येतो. नवशिक्याला एवढ्यात जवळजवळ सगळे प्रश्न भेटतात. त्यानंतरच कॅमेऱ्याच्या नकाशाची सेवा निवडा, आणि निवडताना तुमचा नकाशा बाहेर काढून दुसरीकडे नेता येतो का ते विचारा. मायक्रोसॉफ्टने अझूर स्पेशियल अँकर्स ही सेवा नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद केली. तिच्यावर उभ्या असलेल्या प्रकल्पांना दुसरी सोय शोधावी लागली.

फोन स्वस्तातला घ्या. एआरकोर प्रत्येक अँड्रॉइडवर चालत नाही, काही फोनमध्ये जायरोस्कोप, म्हणजे फोन किती वळला ते मोजणारा सेन्सर, तोही नसतो. म्हणून एआरशिवायचा मार्ग, म्हणजे सपाट नकाशा, आवाज आणि थरथर, आधी पूर्ण करा आणि एआर त्यावर चढवा.

प्रत्यक्ष टर्मिनलमध्ये चाचणीसाठी विमानतळ चालवणाऱ्या कंपनीची मान्यता आणि बीसीएएस या नागरी विमान सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेच्या नियमांप्रमाणे प्रवेशपत्र लागते. त्याला वेळ लागतो, अर्ज सुरुवातीलाच करा. चाचणीत माणसाच्या हातात खरी ट्रॉली द्या आणि एका हाताने फोन धरू द्या. मोजायचे काय? तो किती वेळा थांबला, फोनकडे एकूण किती वेळ पाहत होता, आणि शेवटचा टप्पा त्याने पाट्या वाचून स्वतः पार केला का. पाट्यांकडे नजर वळली तर फीचर चांगले चालले आहे असे समजा.

पायरी ९: सुरू झाल्यावर

गेट बदलतात, रातोरात पत्र्याचे पार्टिशन उभे राहते, लिफ्ट बंद पडते, सणासाठी केलेली सजावट कॅमेऱ्याच्या खुणा झाकून टाकते. गेटची माहिती विमानतळाच्या उड्डाण-यंत्रणेतून थेट यायला हवी. ॲपमध्ये हाताने भरलेली यादी पहिल्याच दिवशी शिळी होते. गेट बदलले की आधी थरथर आणि आवाज, मग नवी वाट, आणि सोबत एक ओळ: चालत इतकी मिनिटे, गेट बंद व्हायला इतकी मिनिटे. दुसरी संख्या पहिलीपेक्षा लहान असेल तर बाण दाखवत बसू नका, विमान कंपनीच्या काउंटरचा क्रमांक द्या.

वाट बंद झाल्याची नोंद टर्मिनलमधला ड्यूटी मॅनेजर आपल्या फोनवरून मिनिटभरात करू शकेल असा एक छोटा पडदा करून द्या: नकाशावर रेघ निवडायची, ‘बंद’ दाबायचे, किती वाजेपर्यंत ते सांगायचे. हा पडदा प्रवाशाला कधीच दिसणार नाही, आणि अंदाजपत्रकात कपात आली की सर्वांत आधी त्याच्यावर गदा येते. बाणाचे अ‍ॅनिमेशन कमी करा, पण तो पडदा ठेवा. आणि रोज पहाटेच्या शिफ्टला कोण नकाशा तपासणार, त्या पदाचे नाव करारात लिहून घ्या.